नाताळचा केक आणि खंड पडलेला व्यायाम

आगमनकाळ सुरू झाला की ख्रिस्ती घराघरांतून नाताळच्या फराळाची लगबग सुरू होते. बीड जिल्ह्यातील अनेक घरांत ओव्हन नसतो. करंज्या-शंकरपाळ्या तळल्या जातात, मैदा, साखर व तूप डब्यातून बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणली जाते आणि केक कुकरमध्ये होतो. कुकरची शिट्टी व रबर काढून, तळाशी मिठाचा थर देऊन, पाणी न घालता मंद आचेवर सुमारे पाऊण तास ठेवला की केक फुलतो. घाईने आच वाढवली, तर कड करपते आणि मध्य कच्चा राहतो. कारण पिठात उष्णता सावकाश शिरते.

दीर्घ खंडानंतर व्यायाम सुरू करतानाही हाच नियम लागू पडतो, हे प्रस्तुत लेखकाला उशिरा कळले. वर्षभर चालणे बंद होते. नाताळात गोडधोड खाऊन झाले आणि एक जानेवारीला जणू प्रायश्चित्त म्हणून पूर्वीचेच पाच किलोमीटर अंतर पूर्वीच्याच वेगाने चालू लागलो. चौथ्या दिवशी गुडघा सुजला आणि पुढचे तीन आठवडे विश्रांतीत गेले.

असे का होते? व्यायाम थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांतच हृदयाची एका ठोक्यात रक्त पुढे ढकलण्याची क्षमता घटू लागते, म्हणून धाप लागते. स्नायूंची ताकद त्याहून सावकाश उतरते. पुन्हा आरंभ केल्यावर दम काही आठवड्यांत सुधारतो. परंतु स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी असल्याने त्या बळकट होण्यास काही महिने लागतात. दम परतला म्हणून आपण वेग वाढवतो आणि दुखापत ओढवून घेतो.

आपल्याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे धावपटू अविनाश साबळे यांचे उदाहरण पाहावे. बालपणी शाळेसाठी सहा किलोमीटर चालणारे-धावणारे साबळे सैन्यात दाखल झाले. पुढे दुखापतीमुळे धावणे थांबले व वजन वाढले. ते उतरवून ते पुन्हा धावू लागले आणि २०१८ मध्ये त्यांनी ३,००० मीटर स्टीपलचेसमधील १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य व २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक त्यांनी मिळवले. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत त्यांच्या गुडघ्याला दुखापत होऊन शस्त्रक्रिया करावी लागली. अशा शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतण्यास खेळाडूंना साधारणतः नऊ महिने किंवा अधिक काळ द्यावा लागतो. जिथे विजेत्यालाही पहिल्या पायरीपासून चढावे लागते, तिथे आपण घाई का करावी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. तेथे टप्प्याटप्प्याने पोहोचता येते. पहिल्या आठवड्यात पाच दिवस रोज दहा मिनिटे सपाट रस्त्यावर चालावे. पुढे दर आठवड्यास पाच मिनिटे वाढवावीत. पाचव्या आठवड्यात रोजची तीस मिनिटे, म्हणजेच आठवड्याची १५० मिनिटे पूर्ण होतात. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतकाच वेग पुरे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दडपण अथवा चक्कर जाणवल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

सणाचा घास हा अपराध नव्हे आणि व्यायाम ही त्याची शिक्षा नव्हे. केकचा तुकडा बेताचा घ्यावा, आनंदाने खावा आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. त्याने रक्तातील साखरेची उसळी कमी होते. जानेवारीची वाट पाहण्याचेही कारण नाही. नाताळच्या दिवशी फराळाची ताटे शेजारीपाजारी, थोडे दूरच्या घरांतही, पायीच पोहोचवावीत. पहिली दहा मिनिटे तेथेच पूर्ण होतील.