पाण्याखालचा मिलिमीटर

मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात साधारण १६० किलोमीटरवर, आज ज्याला मुंबई हाय म्हणतात तिथे, तेल आहे, हे फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगच्या वेधनातून कळलं. मे १९७६ मध्ये तिथून उत्पादन सुरू झालं. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट इथेच संपते. खरं तर त्या दिवसापासून आणखी एक गोष्ट सुरू झाली, तिच्याविषयी फारसं कुणी लिहीत नाही. सुमारे ७५ मीटर खोल पाण्यात पोलादी नळ्यांचे सांगाडे उभे राहिले आणि खारं पाणी त्या नळ्यांना भिडलं. यातले बरेच सांगाडे पंचवीस वर्षं टिकावेत या हिशेबाने बांधलेले होते. आज ते त्याहून कितीतरी जास्त वर्षं उभे आहेत. नळीची भिंत तेव्हा किती जाड होती हे नकाशात लिहिलेलं आहे. आज ती किती उरली आहे, हे पाण्यात उतरूनच कळतं.

अडचण अशी की नळीच्या आतल्या बाजूला हात पोचत नाही. तेच जहाजाच्या तळाचं, धरणाच्या दाराचं, धक्क्याच्या लोखंडी पत्र्यांचं. कॅलिपरला पत्र्याच्या दोन्ही बाजू लागतात, आणि इथे मिळते एकच. पूर्वी जहाज सुक्या गोदीत घेऊन पत्र्याला भोक पाडत, त्यातून जाडी मोजत आणि भोक पुन्हा बुजवत. सर्व्हेअर हातोडीने ठोकून आवाजावरून अंदाज बांधत. तरंगत्या जहाजाच्या तळाला पाण्याखाली भोक पाडायचा प्रश्नच येत नाही. ही कोंडी ध्वनीने सोडवली.

ध्वनीने जाडी मोजणाऱ्या यंत्राचं, म्हणजे गेजचं, तत्त्व साधं आहे. हातात मावणाऱ्या प्रोबमधला स्फटिक विजेच्या धक्क्याने थरथरतो आणि कानाला ऐकू न येणारा ध्वनी पोलादात सोडतो. हा ध्वनी पोलादातून सेकंदाला सुमारे ५,९२० मीटर वेगाने धावतो, पलीकडच्या पृष्ठभागावर आपटतो आणि परततो. जायला-यायला लागलेला वेळ मोजायचा, वेगाने गुणायचा, निम्मा करायचा, की जाडी मिळाली. बारा मिलिमीटरच्या पत्र्यात ही ये-जा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या चौपटीत, म्हणजे चार मायक्रोसेकंदांत उरकते. एक दशांश मिलिमीटरचा फरक ओळखायचा तर चौतीस नॅनोसेकंदांचा फरक ओळखावा लागतो. पाण्याखाली हातात धरलेलं छोटंसं यंत्र हे बिनबोभाट करतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

या कामात पाणी मदतही करतं. हवेतून पोलादात हा ध्वनी जवळजवळ शिरतच नाही, म्हणून जमिनीवर प्रोबखाली जेल लावावं लागतं. सोनोग्राफी करताना पोटाला लावतात ते याच कारणासाठी. समुद्रात जेल लागत नाही, कारण प्रोब आणि पत्रा यांच्यामधली फट पाण्याने आपोआप भरलेली असते. पलीकडेही पाणीच असेल, समजा बॅलास्ट टाकी भरलेली असेल, तरी पोलाद आणि पाणी यांच्या गुणधर्मांत इतकी तफावत आहे की सुमारे ८८ टक्के ऊर्जा परत फिरते.

खरी मेख रंगात आहे. जहाजाच्या तळावर रंगाचे थर चढवलेले असतात. त्यांतून ध्वनी पोलादातल्यापेक्षा कितीतरी हळू, सेकंदाला २,४०० मीटरच्या आसपास जातो. मूळ दहा मिलिमीटर जाडीचा पत्रा गंजून ८.८ वर आला आहे आणि त्यावर अर्धा मिलिमीटर रंग आहे, असं धरू. नुसता पहिला प्रतिध्वनी मोजणाऱ्या गेजला रंगातला तो अर्धा मिलिमीटर सव्वा मिलिमीटर पोलादाइतका भासतो आणि पडद्यावर आकडा उमटतो १०.०. म्हणजे झीज शून्य, पत्रा जणू नवा कोरा! चुकीचा आकडा दिसायला इतका नीटनेटका असतो की त्यावर कुणाला शंकाही येत नाही. आणि मोजण्यासाठी रंग खरवडून काढावा, तर त्या उघड्या जागी उद्यापासून गंज सुरू होणार.

यावरचा तोडगा मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. पोलादात शिरलेला ध्वनी एकदा परतून थांबत नाही. रंग आणि पोलाद यांच्या सीमेवर त्याचा काही भाग पुन्हा आत वळतो, परत पलीकडे जाऊन आपटतो आणि परत येतो. असे अनेक प्रतिध्वनी एकामागून एक प्रोबपर्यंत पोचतात. त्या प्रत्येकाने रंगातून एकदा जाण्याचा आणि एकदा येण्याचा प्रवास केलेला असतो, त्यामुळे रंगाचा वेळ सगळ्यांत सारखाच. लागोपाठच्या दोन प्रतिध्वनींमधलं अंतर घेतलं की तो वजा होतो आणि उरतं ते निव्वळ पोलाद. या पद्धतीचे गेज तीन प्रतिध्वनी तपासतात आणि त्यांच्यातली अंतरं जुळली तरच आकडा दाखवतात, नाहीतर पडदा कोराच राहतो. इंग्लंडमधल्या डॉर्चेस्टरची सिग्नस ही कंपनी १९८० च्या दशकापासून याच पद्धतीसाठी सागरी क्षेत्रात ओळखली जाते. खात्री नसेल तेव्हा आकडा न दाखवण्याचा हा गुण मला त्या दशांश मिलिमीटरच्या अचूकतेहून मोलाचा वाटतो.

या यंत्राची वंशावळ थेट समुद्रातूनच आली आहे. १८८० मध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार येतो. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली आणि काही आठवड्यांतच लुईस फ्राय रिचर्डसन यांनी प्रतिध्वनीवरून हिमनग हुडकण्याच्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी पाणबुड्या शोधण्यासाठी क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाण्यात ध्वनी सोडला. धातूतले दोष ध्वनीने शोधावेत ही कल्पना १९२८ च्या सुमारास लेनिनग्राडमध्ये सर्गेई सोकोलोव्ह यांनी मांडली आणि मिशिगन विद्यापीठातल्या फ्लॉइड फायरस्टोन यांना १९४२ मध्ये प्रतिध्वनीवर चालणाऱ्या दोषशोधक यंत्राचं पेटंट मिळालं. हिमनगासाठी सुचलेली युक्ती फिरून जहाजाच्याच पत्र्यावर आली.

पण पाण्याखाली आकडा मिळवायचा म्हणजे नेमकं काय, ते मुंबई बंदरात कळतं. इथलं पाणी गाळाने इतकं गढूळ की डायव्हरला काचेपुढे धरलेला स्वतःचा पंजाही दिसेलच असं नाही. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत पाच मीटरपर्यंत फरक पडतो आणि पाणी ओढत नेतं. कामाला सापडते ती भरती-ओहोटीच्या मधली थोडी स्थिर वेळ. डेकवरून फ्रेमच्या, म्हणजे जहाजाच्या फासळीच्या, खुणेवर दोर सोडलेला असतो. त्याला धरून डायव्हर खाली जातो आणि वेल्डिंगची उमटलेली रेघ हाताने चाचपत प्लेट मोजतो: ही पहिली, ही दुसरी. मग सफाई. शेवाळ स्क्रेपरने निघतं. कालवं आणि बार्नॅकल मात्र चिवट. बार्नॅकलचं शंकूसारखं कवच तोडलं तरी त्याची चुन्याची गोल चकती पत्र्याला चिकटून राहते आणि तिच्यावर प्रोब नीट टेकत नाही. ती काढायची, पण खालचा रंग सोलायचा नाही. डोळ्यांना काही दिसत नसताना हे हाताच्या अंदाजानेच करावं लागतं.

मग प्रोब टेकतो. गेजचा आकडा केबलमधून वर सुपरवायझरपुढेही उमटतो, तरी डायव्हर तो तोंडाने सांगतो. "फ्रेम बेचाळीस, पोर्ट, दुसरी प्लेट, इलेव्हन पॉइंट फोर." वरून तोच आकडा परत म्हटला जातो, "इलेव्हन पॉइंट फोर, कॉपी," आणि मगच वहीत चढतो. प्रोब किंचित फिरवून दुसरं रीडिंग, मग तिसरं. मध्येच एखाद्या जागी पडदा कोरा राहतो. प्रोब तिरका टेकला असेल, चकतीचा तुकडा राहिला असेल, किंवा पलीकडचा पृष्ठभाग गंजाने इतका खडबडीत झाला असेल की ध्वनी विखुरतोय. पहिल्या दोन शक्यता जाणता डायव्हर दुरुस्त करतो. तिसरी असेल तर ती जागा सोडून शेजारी सरकायचं नसतं. 'रीडिंग मिळत नाही' हेच त्या जागेचं रीडिंग म्हणून लिहायचं असतं, कारण जिथे आकडा मिळत नाही तिथेच बहुधा दुखणं असतं. घाईच्या कामात नेमकं उलटं होतं. शेजारची गुळगुळीत जागा छान आकडा देते आणि तोच वहीत जातो.

पोलाद सगळीकडे सारखं झिजत नाही, म्हणून जागेला इतकं महत्त्व. कायम बुडालेला उघडा पत्रा ढोबळ मानाने वर्षाला दशांश मिलिमीटरच्या आसपास झिजतो. लाटांचे फटकारे बसतात त्या पट्ट्यात पाणी आणि हवा दोन्ही मुबलक, त्यामुळे तिथे वेग काही पटींनी जास्त. सर्वांत कपटी प्रकार बंदरांच्या धक्क्यांवर सापडतो, अगदी खालच्या ओहोटीच्या रेषेजवळ. तिथे भडक नारिंगी फोड दिसतात. फोड खरवडला की आत काळा चिखल आणि त्याखाली चकचकीत, खड्डे पडलेलं पोलाद. सल्फेटवर जगणारे जीवाणू सल्फाइड तयार करतात आणि दुसरे जीवाणू त्याचं आम्ल करतात. हा गंज वर्षाला अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त पोलाद खातो. ब्रिटनमधल्या बंदरांत १९८० च्या दशकापासून तो ओळखीचा आहे. त्या पट्ट्याच्या दोन मीटर खाली घेतलेली पन्नास रीडिंग्ज निर्दोष येतील आणि धक्का तरीही धोक्यात असेल. खड्ड्यांचंही तसंच. प्रोबमधला स्फटिक साधारण तेरा मिलिमीटरचा, आणि पाच मिलिमीटरचा खोल खड्डा त्याच्या नजरेतून सहज निसटतो.

जहाजांच्या बाबतीत या आकड्यांना कायद्याचं वजन आहे, आणि ते बुडालेल्या माणसांच्या हिशेबाने आलेलं आहे. १९९० च्या आगेमागे एकामागून एक जुनी बल्क जहाजं, म्हणजे सुटा माल वाहणारी जहाजं, बुडाली. त्यानंतर १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने टँकर आणि बल्क जहाजांसाठी कडक पाहणीचा नियम आणला, त्यात जाडीमापन बंधनकारक झालं. तरीही १२ डिसेंबर १९९९ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ 'एरिका' हा चोवीस वर्षांचा टँकर दुभंगला आणि सुमारे वीस हजार टन जड इंधन समुद्रात गेलं. फ्रेंच चौकशीने बोट ठेवलं ते गंजावर. जहाजाची सर्टिफिकेटं वैध होती. त्यानंतर नियम आणखी आवळले गेले. जाडी मोजणाऱ्या कंपनीला वर्गीकरण संस्थेची, म्हणजे जहाज तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची, मान्यता लागते, मापन सर्व्हेअरच्या देखरेखीखाली व्हावं लागतं, आणि झीज परवानगीच्या मर्यादेच्या तीन चतुर्थांशापलीकडे गेली की त्या भागाला वेगळा शेरा मिळून तिथे जादा रीडिंग्ज घ्यावी लागतात. आपल्याकडे वर्गीकरण संस्थेचं काम १९७५ मध्ये स्थापन झालेली आणि मुंबईत पवईला मुख्यालय असलेली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग पाहते. पाच वर्षांत दोनदा तळाची तपासणी हवी, दोहोंत छत्तीस महिन्यांहून जास्त अंतर नको. जहाजाचं वय आणि प्रकार बसत असेल तर त्यातली एक तपासणी सुक्या गोदीऐवजी पाण्यातच करता येते. मालकाचे गोदीचे दिवस वाचतात, आणि म्हणूनच डायव्हरच्या हातातल्या गेजवरची जबाबदारी वाढते.

पण मिळालेला आकडा ताडायचा कशाशी? एका उदाहरणाने हा प्रश्न नीट दिसेल. नकाशात प्लेट १२ मिलिमीटर. एका तपासणीत रीडिंग ११.४, पाच वर्षांनी ११.५. लोखंड वाढत तर नाही. मग झालं काय? गेजची अचूकता साधारण अधिक-उणे दशांश मिलिमीटर. दुसऱ्या वेळी प्रोब वीतभर बाजूला टेकला असणार. आणि मुळात ती प्लेट बरोबर १२ होतीच कशावरून? जहाजाच्या पत्र्याला गिरणीतून निघताना ०.३ मिलिमीटरपर्यंत कमी असण्याची मुभा असते, आणि तो थोडा जास्तही भरू शकतो. १२.३ ची प्लेट ११.४ वर आली असेल तर झीज ०.९ झाली, कागदावर मात्र ०.६ दिसते. म्हणून नवं बांधकाम पाण्यात उतरतानाच खुणा करून पायाभूत रीडिंग्ज घेऊन ठेवावीत, असं माझं आग्रहाचं मत आहे. तो खर्च किरकोळ असतो आणि नंतर कितीही पैसे टाकले तरी ती संधी परत येत नाही.

गोव्यातल्या बार्जेसकडे पाहिलं की मोजण्याला पर्याय नाही हे जास्तच जाणवतं. मांडवी आणि जुवारीतून मुरगावपर्यंत खनिज वाहणारे हे पोलादी ताफे २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्यावर नुसते उभे राहिले. उभ्या बार्जला काम नसतं, गंजाला मात्र सुट्टी नसते. या नद्यांचं पाणी पावसाळ्यात गोडं आणि उन्हाळ्यात खारं होतं, त्यामुळे झिजेचा वेगही बारमाही सारखा धरता येत नाही. पुन्हा कामाला लावताना 'वर्षाला इतकं' असा गुणाकार करून भागत नाही, प्रत्येक बार्ज मोजावीच लागते, विशेषतः पाणरेषेचा पट्टा आणि आतून पाणी साचून राहणारे कोपरे.

आता काही ठिकाणी माणसाऐवजी पाण्याखालचे रोबो प्रोब घेऊन उतरतात. चुंबकी चाकांचे रोबो जहाजाच्या बाजूवर चढतात, आणि अनेक स्फटिकांचे प्रोब एका जागी एका आकड्याऐवजी जाडीचा अख्खा नकाशा काढतात. खोल पाण्यात आणि डायव्हरच्या जिवाला धोका असेल तिथे हे नक्कीच हवं. पण बार्नॅकलची चकती रोबोलाही काढावीच लागते आणि गढूळ पाण्यात आपण नेमके कुठे आहोत हे त्यालाही कळावं लागतं.

मुंबई हायच्या जुन्या सांगाड्यांचं आयुष्य वाढवायचं की नाही हे ठरवताना अभियंता संगणकातल्या प्रतिकृतीत नकाशातली जाडी पुसून मोजलेली जाडी भरतो. त्याला हवा असतो तो एकाच खुणेवरचा वर्षानुवर्षांचा क्रम. पण दर काही वर्षांनी कंत्राट बदलतं, नवी कंपनी येते, तिचे तक्ते वेगळे, खुणांना दिलेले क्रमांक वेगळे. आजचे गेज आकड्याबरोबर त्या प्रतिध्वनीचा आलेखही साठवतात. त्यावरून दहा वर्षांनीही तपासता येतं की तो प्रतिध्वनी पत्र्याच्या पाठीचा होता की मधल्याच एखाद्या दोषाचा. तेव्हा बंदरांच्या, धरणांच्या आणि तेलक्षेत्रांच्या निविदांत एक अट घालावी: प्रत्येक रीडिंगसोबत आलेख, खुणेचा जुनाच क्रमांक, प्रोबचा प्रकार आणि कॅलिब्रेशनची नोंद द्यायची, आणि जिथे रीडिंग मिळालं नाही त्या जागांची यादी वेगळी जोडायची.