स्ट्रॉ, सिपर आणि अंतःकरणाचे काठिण्य

एखाद्या संस्थेवर असंवेदनशीलतेचा आरोप झाला की तिचे पहिले उत्तर ठरलेले असते : सर्व काही नियमानुसार झाले. अनेकदा ते खरेही असते, आणि म्हणूनच या आरोपाचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. संत मार्कच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायात वाळलेल्या हाताच्या माणसाची घटना येते. सभास्थानातील मंडळी प्रभू येशूवर दोष ठेवण्यास टपलेली होती. पण शब्बाथाच्या नियमाबाबत ती काटेकोर होती. प्रभूने विचारलेल्या साध्या प्रश्नाला त्यांनी मौनाने उत्तर दिले. त्यांच्या अंतःकरणाचे काठिण्य पाहून प्रभू रागावला आणि खिन्नही झाला.

याच कसोटीवर आपण फादर स्टॅन स्वामी यांच्या प्रकरणाकडे पाहू. झारखंडच्या आदिवासींमध्ये अनेक दशके कार्य केलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूंना राष्ट्रीय तपास संस्थेने ८ ऑक्टोबर २०२० रोजी भीमा कोरेगाव प्रकरणात अटक केली. तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. आपल्यावरील आरोप त्यांनी नाकारले होते. कंपवातामुळे त्यांचे हात थरथरत. पेला ओठांशी नेणेही अवघड होते. तळोजा कारागृहातून त्यांनी ६ नोव्हेंबरला स्ट्रॉ आणि सिपरसाठी विशेष न्यायालयाकडे अर्ज केला. तपास संस्थेचे उत्तर नोंदले गेले ते २६ नोव्हेंबरला : या वस्तू आम्ही जप्त केलेल्याच नाहीत. शिवाय आरोपी न्यायालयीन कोठडीत असल्याने हा विषय त्यांचा व कारागृहाचा आहे, असेही संस्थेने स्पष्ट केले. मग न्यायालयाने कारागृहाकडे विचारणा केली. सिपर पुरवला आहे, असे कारागृहाने सांगितले.

यातील कोणी क्रूर होते, असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येकाने आपापल्या कक्षेपुरते उत्तर दिले. मात्र बाजारात काही रुपयांना मिळणाऱ्या वस्तूचा प्रश्न वीस दिवस तारखेची वाट पाहत राहिला. (धर्मग्रामाच्या कार्यालयात दाखल्यासाठी आलेल्या वृद्धेला ‘फादर नाहीत, मंगळवारी या’ असे सांगून परत पाठवले जाते, तेव्हाही नियम मोडलेला नसतो. वास्तविक १९८३ च्या धर्मसभा कायदासंहितेचे शेवटचे, १७५२ वे कलम आत्म्यांचे तारण हाच सर्वोच्च नियम असल्याचे बजावते.)

सार्वजनिक वादानेही मूळ प्रश्न झाकला. तपास संस्थेने सिपर हिरावून घेतला, असे अनेकांनी ठासून सांगितले. संस्थेने ते नाकारताच चर्चा ‘कोणी घेतला’ या मुद्द्यावर अडकली, ‘त्यांना पाणी कसे प्यायला मिळते’ हे मागे पडले. दया दाखवणाऱ्या माणसानेही तपशिलात चोख असावे लागते, नाहीतर समोरच्याला सुटकेची वाट आपणच करून देतो. दुसरीकडे, गंभीर आरोप असलेल्याची कीव कशाला, असे विचारणारेही होते. आजाऱ्याला पाणी देणे म्हणजे त्याच्या खटल्याचा निकाल देणे नव्हे, हे त्यांना कोण सांगणार?

पुढे २१ मे २०२१ रोजी फादर दूरदृश्य यंत्रणेद्वारे मुंबई उच्च न्यायालयासमोर आले. सरकारी रुग्णालयात जाण्यापेक्षा आपल्या माणसांत परत जाण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली. न्यायालयाच्या आदेशाने त्यांना मेअखेरीस बांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवण्यात आले. ५ जुलै रोजी, जामीन मिळण्यापूर्वीच, तेथे त्यांचे निधन झाले. सर्व कार्यवाही कायद्यानुसार झाली, असे परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी जाहीर केले.

त्याच महिन्यात सुनावणीदरम्यान न्यायमूर्ती एस. एस. शिंदे यांनी फादरांच्या कार्याबद्दल आदर व्यक्त केला. तपास संस्थेने त्यास हरकत घेतली. न्यायमूर्तींनी आपले शब्द मागे घेतले. मात्र न्यायाधीशही माणसेच असतात, एवढे ते म्हणाले.