तेर : समुद्राविना बंदर

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही येथील माल एके काळी गलबतांवर चढत होता. तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात तगराचे नाव आहे. भडोच बंदरापासून पैठण २० दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेस तगर आणखी १० दिवसांच्या. जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलुखातून भडोचला जाई.

तेरणाकाठी आजही चैत्याच्या घडणीचे, विटांचे त्रिविक्रम मंदिर आहे, गोरोबाकाकांचे देऊळ आहे. लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडली.

आम्ही आयुष्यभर हमालांत वावरलो, म्हणून आमची नजर गाडीवानाकडे वळते. त्या वृत्तात मालाची यादी आहे, दिवसांचा हिशेब आहे. पण महिनाभर बैल हाकणाऱ्याचे, माग चालवणाऱ्याचे नाव नाही. तेरला मुलांना अवश्य न्यावे. ती मूर्ती दाखवताना, असला माल घडवणारे आणि वाहणारे हातही आपल्यासारख्यांचेच होते, एवढे त्यांना सांगावे.