सायकलस्वारांचा स्नेह

सोबत निघणे सोपे. सोबत टिकणे कठीण. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईच्या एका व्यायामसंस्थेतील सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. एक तेहरानहून परतला, दोघे पुढे वाटेत गळाले. हकीम, बापासोला व भुमगरा हे तिघे सुमारे ४४,००० मैल आक्रमून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस पोचले. पुढे १९३१ मध्ये तिघांच्या नावे एकच प्रवासग्रंथ निघाला. साडेचार वर्षांच्या श्रमांनंतरही श्रेय वाटून घेणे, हीच आम्हांस स्नेहाची खरी कसोटी वाटते.

अकोल्याहून नरनाळ्याच्या वाटेस लागणाऱ्या आमच्या बालमित्रांनी एवढे ध्यानी धरावे : मंडळींचा वेग मागे राहणाऱ्यावरून ठरवावा, एकाचे चाक पंक्चर झाले, तर सर्वांनी उतरावे.