दोन देशांचे एक नाव

परवा मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या सोप्यात बारशाच्या नावावरून चांगलाच वाद रंगला. नातू कॅनडात जन्मला. मुलाचे म्हणणे, तिकडच्या शिक्षकांना उच्चारता येईल असे सुटसुटीत नाव हवे. ही फोनवरच कडाडली, "आणि जोतिबाचं नाव नको व्हय रे?" दोन्ही बाजू ऐकताना मला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवले.

चीनवर जपानचे आक्रमण चालू असताना, १९३८ मध्ये, पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते तिकडे गेले. जखमींची सेवा करता करता चिनी बोलायला शिकले. तिथे त्यांचे नाव झाले 'के दिहुआ'. आडनावाचे चिनी जिभेला पेलेल असे रूप, आणि शेवटी 'हुआ', म्हणजे चीन. १९४१ मध्ये त्यांनी परिचारिका क्वो चिंगलान यांच्याशी लग्न केले. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन! मूल चार महिन्यांचेही नव्हते, तोच ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले. वय अवघे ३२.

आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ही कहाणी पडद्यावर आणली. कोटणीस ते स्वतः झाले, चिंगलान झाल्या जयश्री. पुढचे मात्र फारसे कुणाला ठाऊक नाही. यिनहुआ डॉक्टरकी शिकत असतानाच १९६७ मध्ये वारला. चिंगलानबाई २०१२ पर्यंत जगल्या. त्या भारतात येत राहिल्या, सासरच्या माणसांना भेटत राहिल्या आणि कोटणिसांबरोबरच्या दिवसांच्या आठवणी त्यांनी लिहून ठेवल्या. दोन देशांचे नाव ल्यालेला मुलगा गेला, पण आईने सांगितले म्हणून ते नाव उरले.

चीनमधून जगभर पांगलेल्या कुटुंबांचे साहित्यही असेच सांगण्यातून उभे राहिले आहे. मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांचा जन्म १९४० चा, कॅलिफोर्नियातला. आईकडून ऐकलेल्या चिनी गोष्टी त्यांनी इंग्रजीत नव्याने मांडल्या. 'द वुमन वॉरिअर' हे ते पुस्तक १९७६ मध्ये आले. भाषा बदलली तरी आईच्या गोष्टी मागे पडल्या नाहीत.

मी मुलाला म्हटले, "बाबा रे, नाव तुम्हा दोघांना आवडेल ते ठेवा. पण जोतिबाच्या डोंगरावर आपण कसे चढायचो, ते त्याला मराठीतून सांगायचे." पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "अप्पा, ते तुम्हीच सांगा. मला निम्मे आठवत नाही."

तेव्हापासून मी वही घेऊन लिहायला बसलो आहे.