उपाशी मुलाला लगेच पोटभर का जेवू घालत नाहीत?

सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटले. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफुरमधील झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ जाहीर झाला. अशा बातम्यांत मुलांच्या हातात छोटी पाकिटे दिसतात. धान्य का देत नाहीत, असा प्रश्न पडतो.

धान्य हवेच. पण सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषण. अशा मुलाने एकदम भरपूर खाल्ले की इन्सुलिन वाढते, रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढले जातात. हृदयाचे ठोके बिघडून मूल दगावू शकते. म्हणून खूप सूज असलेल्या किंवा भूक मेलेल्या मुलाला दाखल करून आधी कमी प्रथिनांचे विशेष दूध दर दोन-तीन तासांनी, मोजून देतात.

नीट खाऊ शकणाऱ्या मुलाला घरीच शेंगदाण्याची पेस्ट देतात. ९२ ग्रॅमच्या पाकिटात सुमारे ५०० कॅलरी असतात. ती शिजवावी लागत नाही, पाण्यात कालवावीही लागत नाही. छावणीत हे फार मोलाचे, कारण दूषित पाणी म्हणजे जुलाब.

तुमच्या घरीही कोणी आजारपणात आठ-दहा दिवस जवळजवळ काहीच खाल्ले नसेल, तर आहार डॉक्टरांना विचारूनच वाढवा.