हसणे : औषध आणि सोबत

हसणे आरोग्यास हितकारक असते, हे विधान आता इतके सर्वमान्य झाले आहे की त्याची चिकित्सा करण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. डॉ. मदन कटारिया यांनी मार्च १९९५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या एका बागेत अवघ्या पाच जणांना घेऊन पहिला हास्य क्लब सुरू केला. पुढे हे लोण देशोदेशी पोहोचले. प्रारंभी तेथे विनोद सांगितले जात. थोड्याच दिवसांत चांगल्या विनोदांचा साठा संपला आणि विनोदावाचून हसण्याचा प्रघात पडला. या तपशिलाची पुष्कळदा थट्टा होते. वस्तुतः सारे मर्म तेथेच आहे.

हास्याच्या औषधी गुणांसाठी नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकांचा दाखला हमखास दिला जातो. १९६४ साली सांध्यांच्या तीव्र दुखण्याने ते अंथरुणास खिळले. दहा मिनिटे खळखळून हसल्यावर दोन तास वेदनारहित झोप लागते, हा आपला अनुभव त्यांनी १९७६ साली एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात नोंदविला. परंतु हा एकाच रुग्णाचा अनुभव होता आणि त्याच काळात ते ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्राही घेत होते. एवढ्यावरून हास्याने रोग बरा होतो असे म्हणणे म्हणजे एका शेतातल्या पिकावरून देशाचे उत्पन्न ठरविण्यासारखे आहे. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून कोणी नुसता हसू लागला, तर त्यास वेळीच आवरावे हे बरे!

अधिक भरवशाचा पुरावा निराळ्या दिशेने जातो. ऑक्सफर्डचे रॉबिन डन्बार व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, इतरांच्या सोबतीने खदखदून हसल्यानंतर माणसाची वेदना सोसण्याची शक्ती वाढते. २०१७ साली फिनलंडमधील संशोधकांनी, मित्रांसह हसल्यावर मेंदूत नैसर्गिक वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे प्रत्यक्ष मेंदूच्या चित्रणावरून नोंदविले. आणि रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञाचे निरीक्षण तर असे की, माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट अधिक तो चारचौघांत हसतो. त्यातही विनोदावर हसण्याचे प्रसंग थोडेच, बाकीचे हसणे अगदी साध्या बोलण्यावरचे असते. म्हणजे लाभाचे मोठे कारण सोबत हे होय. निवृत्त माणसाला बागेत पहाटे जे मिळते, त्यात फुप्फुसांच्या व्यायामाइतकाच वाटा ‘काल का आला नाहीत?’ असे विचारणाऱ्या शेजाऱ्याचा असावा.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर वाटल्याने न घटणारी, उलट वाढणारी अशी ही वस्तू आहे. तिला पैसा लागत नाही. लागतो तो एकत्र बसण्याचा वेळ, आणि नेमका तोच दुर्मीळ होत चालला आहे. विनोद मुबलक झाला. हातातल्या फोनवर तो अहोरात्र उपलब्ध आहे, पण तो बहुधा एकट्याने पाहिला जातो. कचेरीतील मधल्या सुट्टीचा डबा आता अनेकजण संगणकासमोरच उघडतात. आमच्या महाविद्यालयांची गोष्ट वेगळी नाही. तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण अध्यापक एका महाविद्यालयातील तास संपवून दुसऱ्याकडे धावतात. शिक्षक-कक्षातील चहाला ते थांबत नाहीत, कारण त्या वीस मिनिटांचे मानधन कोणी देत नाही.